आई-वडिलांकडे बघणे

(विहाराच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापन दिनानिमित्त केलेले भाषण)





कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला होता ‘धम्मचळवळीची पुढील दिशा’. विषय मोठा आहे. त्यावर बोलणारे अभ्यासू वक्ते दुपारच्या सत्रात आहेत. आमचे शिक्षण जेमतेम आठवी, पुढचे जे काही झाले ते गिरणीच्या तिसऱ्या पाळीनंतर वाचनालयात बसून. तेव्हा आम्ही अध्यक्षांची परवानगी घेऊन विषय जरा घराजवळ आणला आहे. आम्ही बोलणार आहोत पुढच्या रांगेतल्या माणसांविषयी, आणि बोलणार आहोत मागच्या रांगांशी. मागच्या रांगांत बहुतेक चाकरमानी आहेत, परवा-तेरवाच्या एस.टी.ने उतरलेले. आम्हीही त्यांतलेच.

हा विहार ज्या चिऱ्यांवर उभा आहे ते चिरे पन्नास वर्षांपूर्वी याच माणसांनी डोक्यावरून आणले. खाण डोंगरापलीकडे होती, रस्ता नव्हता. आज सकाळी त्यांचा सत्कार झाला, शाल दिली, पुष्प दिले, फोटो निघाले. चांगलेच झाले. पण शाल घालताना आम्ही एका आजोबांचा हात हातात घेतला तर तो इतका थरथरत होता की शालीची घडी त्यांना धरवेना. आम्ही त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन विचारले, हे कधीपासून? तो म्हणाला, ‘‘काय कल्पना नाय. कालच आलो.’’ त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. कारण पाच वर्षांपूर्वी आमच्याबाबतीत कोणी असेच विचारले असते तर आम्हीही हेच उत्तर दिले असते.

आपली पद्धत कशी आहे ते बघा. मे महिन्यात आपण येतो. अंगणात पाऊल टाकताच विचारतो, ‘‘काय बाबा, कसा काय?’’ बाबा म्हणतात, ‘‘बरा हाय.’’ आई म्हणते, ‘‘आमचा काय, बरा हाय. तुमचा सांगा.’’ झाली विचारपूस! मग आंबे, फणस, लग्ने, जयंती, विहाराची मीटिंग, भांडणे, आणि आठव्या दिवशी परत गाडी. पूर्वी पत्रात लिहायचे, इकडील सर्व क्षेम आहे, तुमच्याकडील क्षेम कळवावे. कागद बदलला, मोबाईल आला, मजकूर तोच राहिला.

आता आमचे स्वतःचे सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

२०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आम्ही मुंबईत अडकलो. गिरणीची चाके थांबली ती थांबलीच. गावी यायचे तर पास हवा, आणि आल्यावर चौदा दिवस शाळेत राहायचे. त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धनकडून आत शिरले आणि आपल्या मंडणगड, दापोलीची काय दशा करून गेले ते तुम्ही सगळ्यांनी भोगले आहे. माड पडले, आंबे-काजूच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती, फोनही बंद. त्या दिवसांत आम्ही चाळीच्या गॅलरीत फोन हातात धरून बसून राहायचो. शेवटी एकदाचा फोन लागला. वडील म्हणाले, ‘‘काय नाय, चार कौलां गेली. बाकी बरा हाय.’’ आमचा जीव भांड्यात पडला. मित्रांनाही सांगितले, आमच्याकडे चार कौले गेली फक्त.

ऑक्टोबरअखेर आम्ही आणि आमच्या सौ. गावी पोचलो. पाहतो तर पडवीचे सबंध छप्पर नव्हते. माजघरावर निळे प्लॅस्टिक बांधलेले, त्यावर दगड. आई आणि वडील पाच महिने, सगळा पावसाळा, स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात झोपत होते. आणि रोज संध्याकाळी फोनवर, बरा हाय.

आमचे डोके फिरले. काळजीपोटी फिरले असे आम्ही नंतर स्वतःला समजावले. पण खरे म्हणजे आम्हाला आमचीच लाज वाटली होती आणि ती आम्ही त्यांच्यावर काढली. आल्या पावली आम्ही घर उलटेपालटे करायला घेतले. डबे उघडले, तांदळात पोरकिडे. सिलेंडर हलवून बघितला तर दिवाळीत भरून दिलेला जवळजवळ तसाच. औषधाचा डबा ओतला, गोळ्या मोजल्या, त्या हिशोबाने निम्म्यासुद्धा घेतलेल्या नव्हत्या. आईची ट्रंक उघडली, पासबुक काढले, चिंध्या बाहेर फेकल्या. आणि तोंडाने चालूच, हे का नाही सांगितले, ते का नाही घेतले, पैसे पाठवतो ते कशाला. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. आई भिंतीला टेकून बसली होती, एक शब्द बोलली नाही.

वडील खाटेवरून म्हणाले, ‘‘गिरणीच्या गेटावर रोज झडती द्यायचो आमी. सुताचा तुकडा कनवटीला लावलाय काय ते बघायचे. सतरा वर्सां दिली. आता घरात पन द्यायची काय?’’

बांधवांनो, आमचे वडीलही गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला त्यात त्यांची गिरणी सुटली आणि ते गावी आले. गेटवरची झडती काय असते ते आम्हालाही ठाऊक आहे. पाळी सुटली की रांगेत उभे राहायचे, हात वर करायचे, मुकादम नाहीतर वॉचमन अंगावरून हात फिरवणार. माणूस चोर नसतो, पण हात वर करताना त्याला चोरासारखेच वाटते. आम्ही आमच्या ऐंशीला टेकलेल्या बापाला आणि आईला तेच केले होते. त्या रात्री आई जेवली नाही. पाच महिने प्लॅस्टिकखाली काढून जी रडली नव्हती ती त्या रात्री रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही काहीच विचारले नाही. पहाटे आई चुलीपाशी बसली होती, आम्ही जाऊन शेजारी बसलो, लाकडे सारत. वडील परसाकडे गेले होते. बराच वेळ गेला आणि ती आपण होऊन म्हणाली, ‘‘तुज्या बापाला गोळी खाल्ली की चक्कर येते. म्हनून तो अर्धीच खातो. पडला होता पावसात दोनदा. सांगू नको मी बोलली म्हनून.’’ मग दुपारी आम्ही वडिलांबरोबर कौले आणायला निघालो. चढावर ते थांबले, दम खाल्ला आणि म्हणाले, ‘‘तुज्या आयेला दिसत नाय. श्रावणात पदर पेटला होता. म्हनून मी ग्यास लावू देत नाय. सकाळी पेज करते, तीच दोन्ही टायमाला. तिला बोलू नको.’’

चोवीस तासांत सगळे कळले. आदल्या दिवशी डबे उलटे करून जे कळले नव्हते ते. दोघेही स्वतःचे लपवत होते आणि एकमेकांचे सांगायला कोणी माणूस मिळतो का म्हणून वाट बघत होते. तेव्हापासून आम्ही आईला तिची तब्येत विचारत नाही. तिला वडिलांची विचारतो आणि वडिलांना तिची, आणि तेही दोघे समोरासमोर असताना नाही.

पुढे आईचा मोतीबिंदू तालुक्याला दाखवला, सरकारी शिबिरात बिनपैशाची शस्त्रक्रिया झाली. वडिलांच्या गोळीचे डॉक्टरांना सांगितले तर त्यांनी गोळीच बदलून दिली, चक्कर गेली. एवढेसेच होते! आणि त्यासाठी एक माणूस पेटायचे आणि एक पडून मरायचे बाकी राहिले होते.

महावग्गात एक प्रसंग आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासांची फेरी करीत होते. एका कोठडीत एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी, स्वतःच्याच मळात पडलेला. भगवंतांनी ‘कसा आहेस’ एवढे विचारून पुढचा रस्ता धरला नाही. कसला आजार आहे, तुझी सेवा कोण करतो, कोणी का करत नाही, असे एकामागून एक विचारले. त्या भिक्खूने काय उत्तर द्यावे? तो म्हणाला, मी या भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझे करीत नाहीत.

हे उत्तर आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कारण हे वाक्य वेगळ्या शब्दांत आम्ही या वाडीत प्रत्येक घरात ऐकले आहे. आता आमचा काय उपयोग? तुम्हाला कशाला त्रास? आपले म्हातारे ‘बरा हाय’ म्हणतात त्याच्या पोटात हे आहे. हात चालत होते तोवर आपण घराचे कोणीतरी होतो, आता उपयोग संपला, तर निदान ओझे तरी होऊ नये. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यासाठी राबून आपली किंमत मोजली, त्यांना फुकट काही घ्यायची सवयच नसते.

भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले. पाणी स्वतः ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून उचलून त्याला खाटेवर ठेवले, आणि मग संघाला बोलावून विचारले. आधी धुतले, मग विचारले. त्या ठिकाणी पुढे आजाऱ्याचेही प्रकार सांगितले आहेत. सेवा करायला अवघड असा रोगी कोण, तर जो पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, आणि दुखणे वाढले की कमी झाले ते सेवा करणाऱ्याला खरे सांगत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे हे. आम्हाला तर वाटते आमच्या वडिलांना बघूनच लिहिले! आणि सेवा करणारा कसा असावा, तर त्याला मलमूत्राची किळस नसावी, आणि मनात लोभ नसावा. घर कोणाच्या नावावर होणार याचा हिशोब करत जो विचारपूस करतो त्याची विचारपूस म्हाताऱ्या माणसाला बरोबर ओळखता येते.

आम्ही गिरणीत रिंग खात्यात होतो. तिथे यंत्राला विचारायची सोय नसते. शेकडो चात्या फिरत असतात, आवाज एवढा की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. कामगार फेरी मारत राहतो. कुठे धागा तुटला ते नजरेने बघतो, हाताने जोडतो आणि पुढे जातो. धागा तुटला म्हणून यंत्रावर ओरडत नाही. ही नजर आम्ही पगारासाठी पंचवीस-तीस वर्षे वापरली आणि गावी येताना मात्र ती गेटवर ठेवून आलो.

मग बघायचे काय? यादी देत नाही, यादी दिली की पुन्हा झडती सुरू होईल. त्यांच्याबरोबर काम करा, म्हणजे दिसते. आईबरोबर एक वेळचा स्वयंपाक करा. मीठ किती टाकते, डबा कोणता शोधते, खाली बसल्यावर उठते कशी, सगळे दिसते. वडिलांबरोबर तिठ्यापर्यंत चालत जा. गेल्या वर्षी न थांबता जात होते, या वर्षी कितीदा थांबले? आणि त्यांच्या पायाची नखे काढून द्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो. या वयात वाकवत नाही, नखे काढवत नाहीत, आणि कोणाला सांगायची लाज वाटते. साखरेचा आजार असेल तर पायाला बधिरपणा येतो, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. आपण आई-बापाचे पाय धुऊन तीर्थ घ्यायचे कर्मकांड सोडले, फार चांगले केले. पण त्याबरोबर पायांकडे बघायचेही सोडून दिले.

या बाबतीत आपल्या बहिणी आपल्या पुढे आहेत. आमची बहीण गुहागर तालुक्यात दिलेली आहे. ती माहेरी आली की पहिल्यांदा आईचे केस विंचरायला बसते. आम्हाला वाटायचे, बायकांचा वेळ घालवायचा प्रकार. आईला दिसत नाही हे तिला आमच्या आधी एक वर्ष कळले होते. आम्ही तिला कधी विचारलेच नाही आणि तिनेही सांगितले नाही, कारण भाऊ म्हणेल, मी पैसे पाठवतो आणि ही आम्हाला शिकवते! सुनांचेही तेच. रात्री उठून म्हातारीला बाहेर नेणारी सून असते, आणि सभेत मातृपितृभक्तीवर बोलणारा तिचा नवरा असतो. आम्हीही आत्ता तेच करतो आहोत, त्यामुळे जास्त बोलत नाही.

दुसरी गोष्ट, मे महिन्यात जे दिसते ते खरे नसते. मेमध्ये घर भरलेले असते. नातवंडांच्या आनंदावर म्हातारी पंधरा दिवस चालते, बोलते, रांधते. आपण म्हणतो, आई अजून कशी टुणटुणीत आहे! तुम्ही जुलैत या. वीज गेलेली, अंगणात शेवाळ, परसातल्या संडासापर्यंत जायचे तर पाय घसरतो. मग ही माणसे काय करतात माहीत आहे? संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. रात्री उठायला नको म्हणून. त्याने लघवीची जळजळ होते, चक्कर येते, डोके भ्रमल्यासारखे होते, आणि आपण म्हणतो म्हातारपणच ते. एक बल्ब, परसापर्यंत धरायला एक बांबू आणि चार खडबडीत फरश्या, याने भागते. आमच्याकडे हे काम आम्ही २०२१ च्या पावसाळ्यात केले, कारण पहिल्यांदाच पावसाळ्यात आलो होतो. गिरणीत असताना पावसात रजा कोण देणार, हे खरे. पण गिरणी थांबल्यावरही आम्हाला मेचीच सवय होती.

बाबासाहेबांची एक गोष्ट आपण सगळे जाणता. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. ते तातडीने निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या गाडीने मुंबईला पोचेपर्यंत रामजीबाबा शेवटच्या घटका मोजत होते. मुलाच्या पाठीवर त्यांनी हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. काही लोक ही गोष्ट डोळ्यांतून पाणी काढायला सांगतात. आम्ही ती वेगळ्या कारणाने सांगतो. वडिलांना काय आवडते ते त्या मुलाला माहीत होते, आणि तार आल्याबरोबर तो निघाला होता. आपल्याला तर तारेची वाट बघायची गरज नाही. पण आपल्यापैकी किती जणांना आज सांगता येईल की आईला सध्या काय चावते आणि काय चावत नाही? आम्ही दरवर्षी मुंबईहून चिक्की आणायचो. आईच्या खालच्या दाढा गेलेल्या होत्या. ती चिक्की ती शेजारच्या पोरांना वाटून टाकायची आणि आम्हाला फोनवर सांगायची, चांगली होती.

कागदपत्रांचेही थोडे बोलतो. पैसे पाठवले म्हणजे पोचले असे नाही. पासबुक भरून घ्या, पण त्यांच्यासमोर, त्यांना वाचून दाखवत. शासनाची श्रावणबाळ योजना आहे, २०२३ मध्ये तिची रक्कम महिना १००० वरून १५०० रुपये झाली. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपल्या वाडीतल्या एका काकींचा दाखला राहिला आणि पैसे बंद झाले. त्यांनी सहा महिने कोणाला सांगितले नाही, त्यांना वाटले सरकारनेच बंद केले असतील. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही ही तर घरोघरची तक्रार. भाताची लावणी करून, चिरे वाहून, भांडी घासून ज्या बोटांवरच्या रेघा पुसल्या, त्या बोटांना मशीन म्हणते ओळख पटत नाही! अशा वेळी एक तरुण माणूस बरोबर गेला की डोळ्यांवरून किंवा मोबाईलवरच्या नंबरावरून मार्ग निघतो. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. २०२२ पासून मोफत आहे, पण एस.टी.ची पायरी चढवायला माणूस मोफत मिळत नाही. (जाता जाता, श्रावणबाळ हे नाव ऐकून आपल्यातले काही जण नाक मुरडतात. आंधळ्या आई-बापाची सेवा करणाऱ्या सामाची कथा जातकात आहे आणि अजिंठ्याच्या १० आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत ती रंगवलेली आहे. ते आपलेच आहे.)

२००७ सालचा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदाही आहे. प्रांताकडे अर्ज करता येतो, मुलगा आणि मुलगी दोघांवर जबाबदारी आहे. पण आम्ही या वाडीतल्या एकाही आईला तो अर्ज करताना बघितले नाही आणि कधी बघू असे वाटत नाही. आई उपाशी राहील पण पोराच्या विरुद्ध अंगठा देणार नाही. म्हणून कायदा आहे यावर आपण निश्चिंत राहू नये.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुणाला राजगृहाजवळ सांगितले, ओल्या कपड्याने सहा दिशांना हात काय जोडतोस, पूर्व दिशा म्हणजे आई-वडील. त्यांनी मला पोसले, मी त्यांना पोसीन, त्यांची कामे करीन. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयामध्ये हा भाग घेतला आहे. त्यात मुलाने नमस्कार करावा असे पहिले येत नाही, पोसावे असे येते. आमच्या अल्पमतीप्रमाणे पोसायचे तर आधी बघावे लागते की ताटात काय आहे.

आता विहाराचे. २०२१ च्या वर्षावासापासून इथे ग्रामीण शाखेने एक गोष्ट सुरू केली. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री ग्रंथवाचन होते ते पूर्वीपासूनच. प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाची चटईवर ठरलेली जागा आहे, कोणी सांगून ठरवलेली नाही, आपोआप ठरलेली. नवीन एवढेच की जागा रिकामी दिसली की वाचन संपायची वाट न बघता दोघांनी उठून त्या घरी जायचे. सुरुवातीला काही जण हसले. म्हणाले, विहारात काय शाळेसारखी हजेरी घेता? २०२३ च्या ऑगस्टमध्ये भिंतीकडची एक जागा रिकामी होती. दोन पोरे बॅटरी घेऊन गेली. ती आजी गोठ्यामागे पडली होती, दिवेलागणीपासून, पाऊस अंगावर. खुब्याचे हाड मोडले होते. मुलगे दोघे नालासोपाऱ्याला. पोरांनी घराचे दार काढले, दारावर घालून रस्त्यापर्यंत आणली आणि गाडी करून हलवली. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत राहिली असती तर सांगता येत नव्हते. ती आजी आज इथे आहे, वॉकर घेऊन. तिला विचारूनच हे सांगतो आहोत. शुद्धीवर आल्यावर तिने पहिले काय विचारले असेल? ‘‘माज्या जाग्यावर कोन बसला नाय ना?’’

वर्षावासात तीन महिने हे होते. बाकीचे नऊ महिने काय, हा प्रश्न आमच्यापुढे आहे. वाचन नसते तेव्हा रिकामी जागा दिसत नाही. रोज सकाळी वंदनेला येताना प्रत्येकाने शेजारच्या एका दारावर थाप मारून यावे असे महिला मंडळाने सुचवले आहे, आणि ते आम्हाला पटते. पण ज्यांनी थाप मारायची तीच साठीच्या पुढची आहेत. तरुण पोरे मुंबई-पुण्याला. म्हणून मुंबई शाखेने एक वही केली आहे. जून ते सप्टेंबरमधला एकेक आठवडा लिहिला आहे. प्रत्येक आठवड्याला मुंबईहून एका तरी माणसाने यायचे, चार दिवस राहायचे, आणि स्वतःच्या घराबरोबर आजूबाजूच्या चार घरांत एक वेळ जेवायचे. तपासायला जायचे नाही, जेवायला जायचे. परत गेल्यावर त्या त्या मुलाला फोन करून जे पाहिले ते सांगायचे, पंचायत शाखेच्या मीटिंगमध्ये नव्हे. गाडीभाडे ज्याचे त्याने करावे, ज्याला अडचण आहे त्याचे शाखा करील.

आम्ही जुलैचा दुसरा आठवडा घेतला आहे. ऑगस्टचे दोन आठवडे अजून रिकामे आहेत, सप्टेंबर तर पूर्ण रिकामा. वही खजिनदारांकडे, त्या खांबापाशी आहे. जेवणाची पहिली पंगत वडीलधाऱ्यांची बसते आहे, भात मऊ केलेला आहे, आमटी कमी तिखट आहे. त्यांचे होईपर्यंत मागच्या रांगेतल्यांनी वहीत नाव घालून यावे.

जयभीम.